डोळा अचानक ठणकू लागला तर : मधुमेह, संधिवात, रक्तदाब असणाऱ्या सभासदांसाठी

आपल्या ज्येष्ठ गटाची बैठक भरली की पहिली दहा मिनिटे तब्येतीच्या चौकशीतच जातात. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाचे गुडघे. ही दुखणी इतकी अंगवळणी पडली आहेत की गोळ्यांची नावे आणि वेळा आपल्याला नातवंडांच्या वाढदिवसांसारख्या पाठ असतात. पण असे जुने दुखणे सांभाळत असताना एखाद्या संध्याकाळी एकच डोळा अचानक दुखू लागला तर काय करायचे, याचा विचार सहसा कुणी केलेला नसतो.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य बँकेत खतावण्या जुळवण्यात गेले. पण आमच्या घरात दोन जाड फायली आहेत, एक मधुमेहाची आणि एक संधिवाताची. या दोन्हींच्या निमित्ताने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी विचारून विचारून जे समजले ते येथे मांडत आहोत. मुद्दा एकच आहे. जुने दुखणे असणाऱ्या माणसाचा डोळा अचानक दुखू लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि त्या डॉक्टरांच्या हाती आपल्या जुन्या दुखण्याचा पूर्ण हिशेब द्यावा. यातले दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे का, ते पुढे येईल.

"साखरेमुळे असेल" असे म्हणू नये

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर जो परिणाम होतो तो दुखत नाही. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, कधी डोळ्याच्या आत रक्त उतरते, समोर काळे ठिपके किंवा जाळे दिसते, नजर कमी होते. पण दुखणे नाही. म्हणूनच वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगतात.

यावरून उलट अर्थही निघतो. मधुमेह असलेल्या माणसाचा डोळा दुखतो आहे, तर "साखर वाढली असेल, उद्या मोजू" म्हणून थांबता येत नाही. दुखण्याचे कारण बहुधा वेगळे असते आणि ते शोधावे लागते. शिवाय फार वर्षांच्या मधुमेहात पायांसारखीच बुबुळाचीही संवेदना कमी होऊ शकते. अशा वेळी बुबुळावर जखम असूनही दुखणे थोडेच जाणवते. म्हणून "फारसे दुखत नाही" यावरही भिस्त ठेवू नये. लाली आणि धूसरपणाही पाहावा.

दुखणे सांगायचे कसे

दुखण्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही, आणि डोळ्याच्या बाबतीत हे शब्द खरोखर उपयोगी पडतात. डोळा चुरचुरतो, खुपतो, वाळू गेल्यासारखे वाटते, तेव्हा त्रास बहुधा वरच्या थरात असतो : कोरडेपणा, कचरा, बुबुळावरचा ओरखडा. खाज येते, पाणी येते, चिपडे धरतात, घरात आणखी कुणाचे डोळे आले आहेत, तर तीच साथ असू शकते. पण डोळा ठणकतो, आतून दडपल्यासारखा वाटतो, दुखणे कपाळात किंवा जबड्यात उतरते, उजेड सहन होत नाही, रात्री झोपेतून जाग येते, तर त्रास खोलवर आहे असे समजावे. ठणका आणि चुरचुर यांतला फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा. "डोळा दुखतो" एवढ्यावर थांबू नये.

आपल्या बडोद्यात आणखी एक अडचण येते. दवाखान्यात बोलणे गुजरातीत होते. आपल्यापैकी बहुतेकांना गुजराती येते, पण दुखणाईत माणसाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. डोळे येण्याला तिथेही 'आंख आववी' असेच म्हणतात. खुपते म्हणजे 'खूंचे छे', जळजळते म्हणजे 'बळतरा थाय छे', धूसर दिसते म्हणजे 'झांखुं देखाय छे'. सर्वांत लक्षात ठेवायचा शब्द 'झामर'. झामर म्हणजे आपला काचबिंदू. मोतीबिंदूला ते 'मोतियो' म्हणतात. काचबिंदू आणि मोतीबिंदू या नावांची आपल्याच घरात गल्लत होते, त्यात 'झामर' ऐकून एखाद्याला ते तिसरेच काही वाटायचे. दोन्हींत मोठा फरक आहे. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येऊ शकते, काचबिंदूने गेलेली येत नाही.

कोणत्या दुखण्यात काय होऊ शकते

काचबिंदूचा झटका. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार न दुखता हळूहळू नजर खातो. पण एक प्रकार झटक्याने येतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जाते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग जाड होते. डोळा मुळातच लहान असेल, म्हणजे दूरचे पाहायलाही प्लस नंबरचा चष्मा लागत असेल, तर आतली जागा आणखी अरुंद होते. अंधारात बाहुली मोठी झाली की ही जाळी झाकली जाऊ शकते आणि मोरी तुंबावी तसे पाणी तुंबते. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. झटक्यात तो ४० च्या वर जाऊ शकतो. डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात, नजर धुरकट होते आणि बऱ्याचदा मळमळून उलट्या होतात. संध्याकाळी किंवा नाटक-सिनेमाच्या अंधारात असा त्रास सुरू होऊ शकतो. स्त्रियांत हा प्रकार अधिक आढळतो. उलट्यांमुळे घरची माणसे 'पित्त झाले' किंवा 'अर्धशिशी उठली' असे समजतात आणि रात्र आले-लिंबात जाते. सर्दीच्या काही गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधे, दम्याच्या वाफाऱ्यातली काही औषधे यांनीही अरुंद डोळ्यात झटका येऊ शकतो.

मधुमेह. पडद्याचा आजार फार वाढला तर बुबुळाच्या आतल्या रंगीत पडद्यावर नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाण्याची तीच वाट बुजवतात. हा काचबिंदू दुखरा आणि हट्टी असतो. मधुमेहात डोळ्यामागे दुखून एकाची दोन माणसे दिसणे किंवा पापणी खाली लोंबणे असेही होते. त्या वेळी मेंदूतली रक्तवाहिनी फुगली आहे का हे पाहावे लागते, म्हणून थेट मोठे रुग्णालय गाठावे. आणि २०२१ च्या कोरोना लाटेनंतर गुजरात-महाराष्ट्रात आपण सर्वांनी ज्याची धास्ती घेतली तो काळ्या बुरशीचा आजार : डोळ्याभोवती सूज, गाल दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव. हा आजार साखर ताब्यात नसलेल्यांनाच मुख्यतः गाठतो आणि त्यात तास मोजायचे असतात.

संधिवात. सांध्यांना सूज आणणारा वात डोळ्याच्या पांढऱ्या भागातही सूज आणू शकतो. डोळा गडद, जांभळट लाल होतो, नुसता हात लागला तरी दुखतो, आणि रात्री ठणका वाढतो. तरुण वयात पाठीचा कणा आखडणाऱ्या संधिवातात बुबुळामागच्या भागाला सूज येते. उजेड मुळीच सहन होत नाही. हा त्रास पुन्हा पुन्हा येऊ शकतो.

नागीण. मधुमेहाने, वयाने किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी शरीर कमजोर झाले की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नागिणीच्या रूपाने डोके वर काढतो. कपाळाच्या एका बाजूला आधी आग आणि ठणका, मग दोन-तीन दिवसांनी फोड. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता बरीच असते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. नागिणीवर मंत्र घालणे, लेप लावणे, तिची तोंडे जुळतात का याची वाट पाहणे हे सारे यातच वेळ घालवते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. पहिल्या काही दिवसांत दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली वाढली, नजर पुन्हा उतरली, तर आत जंतुसंसर्ग झाला असू शकतो. ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता, रात्र असली तरी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.

दिलासा देणारी एक गोष्टही आहे. पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग पडला, पण दुखत नाही आणि नजर स्वच्छ आहे, तर तो बहुधा वरवरचा असतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. रक्तदाब मात्र मोजावा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना कळवावे.

फायलीचा उपयोग

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, एका शनिवारी संध्याकाळी, आमच्या सौ.चा उजवा डोळा ठणकू लागला. तिला संधिवात सोळा वर्षांचा. आम्ही एका दवाखान्यात फोन केला. समोरच्याने मंगळवारची वेळ दिली. दुसऱ्या ठिकाणी फोन केला आणि बँकेत तार लिहायचो तसे मोजके बोललो : वय ६३, संधिवात आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे, दुपारपासून एक डोळा ठणकतो आहे, उजेड सहन होत नाही. तिथल्या बाईंनी फोन तसाच धरून ठेवून डॉक्टरांना विचारले आणि "लगेच या" म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासून पांढऱ्या भागाला आतून सूज असल्याचे सांगितले. मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते डोळ्याचे नव्हतेच. मूत्रपिंड कसे आहे, क्रिएटिनिन किती, पोटात कधी व्रण झाला होता का, साखर आहे का, अंगावर चालणाऱ्या औषधांची नावे काय? सौ.च्या फायलीच्या पहिल्याच पानावर हे सारे होते. क्रिएटिनिन थोडे वाढलेले होते, म्हणून नेहमीची सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी त्यांनी टाळली आणि दुसरा मार्ग धरला. तिथूनच त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांनी मूळ औषधात बदल केला. त्यांचे म्हणणे असे की सांधे शांत वाटत असले तरी वात आत धुमसत होता आणि डोळ्याने ते आधी सांगितले. डोळा महिनाभरात निवळला.

त्या रात्री आम्हाला समजले की डोळ्याची बरीच औषधे बाकीच्या शरीराशीही हिशेब मांडतात. काचबिंदूच्या झटक्यात दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड गोळी मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना विचार करूनच द्यावी लागते. दाब उतरवण्यासाठी शिरेतून देतात ते मॅनिटॉल हृदय कमजोर असणाऱ्यांना जड जाऊ शकते. टिमोलॉलचे थेंब डोळ्यातच घालतात, पण दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो आणि नाडी मंद असणाऱ्याची आणखी मंदावू शकते. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडने साखर झपाट्याने चढते. डॉक्टरांना हे सर्व माहीत असते. आपला दमा मात्र त्यांना आपण सांगितल्याशिवाय माहीत होत नाही.

काय करू नये

दुकानातून "लाल डोळ्याचे थेंब द्या" म्हणून औषध आणू नये. अशा थेंबांत स्टिरॉइड असू शकते. लाली दोन दिवस उतरल्यासारखी वाटते, पण कारण विषाणू किंवा बुरशी असेल तर ते आत फोफावते, आणि काही जणांचा डोळ्यातला दाबही वाढतो. मागच्या वेळच्या उरलेल्या बाटलीचेही तेच. बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात.

गुलाबपाणी, मध, तूप, अंगारा, बाळंतिणीचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मनाने वेदनाशामक घेऊ नये. आणि डोळ्याच्या गडबडीत रोजची औषधे चुकवू नयेत. उलट्या होत असतील तर साखर मोजावी आणि इन्सुलिनचे काय करायचे ते आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारावे.

अपवाद एकच : चुना, फिनाईल, ॲसिड असे काही डोळ्यात गेले तर आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे तरी डोळा धुवायचा आणि मग निघायचे.

पहिल्या तासात काय करावे

एकेक डोळा झाकून समोरचे कॅलेंडर वाचून पाहावे. दुखऱ्या डोळ्याने तारखा दिसतात की नुसते चौकोन, हे लिहून ठेवावे. त्रास किती वाजता सुरू झाला तेही लिहावे. नंतर फोन करून विचारावे : डोळ्यांचे डॉक्टर आत्ता आहेत का, डोळ्याचा दाब मोजायची सोय आहे का? बडोद्यात रात्री-अपरात्री कुठेच सोय झाली नाही, तर सयाजी रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि त्याचा तातडीचा विभाग चोवीस तास चालतो. एकट्या राहणाऱ्यांनी १०८ ला फोन करायला संकोचू नये. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. तपासणीत बाहुली मोठी केली तर येताना काही तास नीट दिसणार नाही.

एक पानाचा कागद

बँकेत कोणत्याही खात्याची गोष्ट पहिल्या पानावरून कळायला हवी, असा दंडक होता. तब्येतीच्या फायलीलाही तोच लावावा. एकाच पानावर हे लिहावे : नाव, वय, घरच्या माणसाचा फोन, कोणता आजार कोणत्या सालापासून, चालू औषधांची नावे आणि मात्रा, थेंब आणि वाफारे धरून, कशाची ॲलर्जी, शेवटचे एचबीए१सी आणि क्रिएटिनिन, तारखेसह, दमा, हृदयविकार, मूत्रखडा आहे का, डोळ्याची झालेली ऑपरेशने, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव आणि फोन. औषधांची नावे पाकिटावरून जशीच्या तशी उतरवावीत. 'पांढरी छोटी गोळी' डॉक्टरांना कळत नाही. दर तीन महिन्यांनी पान नवे करावे आणि त्याचा फोटो मुला-सुनांच्या फोनमध्ये ठेवावा.

खर्चाचेही थोडे. ऑक्टोबर २०२४ अखेरपासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ते कार्ड आधी काढावे लागते. नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात धरला जात नाही. खासगी विमा असेल तर तातडीच्या भरतीची खबर किती तासांत द्यायची, ते पॉलिसीत आजच वाचून ठेवावे.

बरे वाटल्यानंतर

दुखणे थांबले म्हणजे काम संपले असे नाही. काचबिंदूच्या झटक्यानंतर दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून बहुधा दोन्ही डोळ्यांना लेझरने बारीक छिद्र पाडतात. सुजेसाठी दिलेले थेंब हळूहळू कमी करायचे असतात, मनाने एकदम बंद करायचे नाहीत. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेला कागद मधुमेहाच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांपर्यंत आपणच पोचवायचा. दोन डॉक्टर दोन रस्त्यांवर बसतात. त्यांच्यामधला निरोप्या आपणच असतो.

ज्येष्ठ गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपले हे एक पान लिहून आणावे, अशी विनंती आहे. अक्षर बारीक वाटणाऱ्यांसाठी आम्ही कोरे छापील नमुने मोठ्या टायपात आणून ठेवू. भरताना अडचण आली तर शेजारी बसून भरून देऊ. पेन मात्र ज्याचे त्याने आणावे.